आमचे आवाज कोण जपणार?

मुस्लिम मराठी माणसाला या मातीतले आपले असणे पुन्हा पुन्हा सिद्ध करून दाखवावे लागते. मग आम्ही कागद काढतो. सनदा, इनामपत्रे, शेख महंमदांचे अभंग, शाहीर सगनभाऊंच्या लावण्या. हे सारे हवेच. पण आणखी एक पुरावा सातारा-सांगलीच्या घराघरांत, कपाटावरच्या डब्यात पडून आहे आणि दर पावसाळ्यात बुरशीला बळी पडतो आहे. तो म्हणजे टेपवर धरून ठेवलेला आवाज.

आवाजाच्या पुराव्याची किंमत पाहायची तर मिरजेला जावे. १८७२ साली किराण्यात जन्मलेले अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले, १९३७ साली वारले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स श्रुतींचे माप ठरवू लागले, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो याच उस्तादांच्या गळ्याचा. सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’मधले पदही खाँसाहेबांनी तबकडीवर गायले. किराण्याचा मुसलमान गवई, सांगलीचा हिंदू नाटककार आणि मराठी पद! हे नाते कोणत्या सनदेत इतके स्पष्ट लिहिले आहे?

ही तबकडी आज ऐकायला मिळते, कारण कंपनीने ती काढली आणि छांदिष्ट संग्राहकांनी जुन्या बाजारातून उचलून ती जपली. आमच्या अंजुमनांचा, ट्रस्टांचा त्यात वाटा किती? हा प्रश्न बोचला तर बोचू द्या.

उस्तादांना निदान कंपनी तरी होती. कडेगावला गगनचुंबी ताबुतांच्या भेटीवेळी गाणी म्हणणाऱ्यांना कोण आहे? गावोगावच्या करबलच्या गाण्यांना कोण आहे? लग्नघरात ढोलकावर दखनी गीते म्हणणाऱ्या आमच्या नानी-दादींना, जात्यावर चक्कीनामा म्हणणाऱ्या बायांना कोण आहे? टू-इन-वनचा जमाना आला तेव्हा हे सारे कॅसेटवर उतरले. मिलाद, वाझ, मुशायरे, आखातात गेलेल्या मुलांनी कॅसेटवर बोलून पाठवलेली पत्रेसुद्धा. त्या कॅसेटची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या जमवल्या, ‘पारी’ने २०१७ पासून त्या जगापुढे आणल्या. दखनी गीतांसाठी कुणी बाहेरून येईल, म्हणून वाट पाहत बसायचे काय?

कुणी म्हणतात, “सगळे यूट्यूबवर आहे.” काय आहे? गाणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, साल नाही. तबकडी ७८ ऐवजी ८३ फेऱ्यांनी फिरवली की आवाज अर्धा स्वर चढतो आणि खाँसाहेबांच्या जागी कुणी दुसराच गातो आहे असे वाटते. शिवाय खरखर घालवण्याचा सोस. टेपची सरसर आणि आपल्या बोलीतले स, श, ख, फ हे घर्षणाचे आवाज बरेचसे एकाच उंच पट्टीत असतात. सॉफ्टवेअरने सरसर पार पुसली की उच्चारही बोथट होतो. कव्वालीतली दाद, आजीचा खोकला, मागे रडणारे मूल, हेही जाते. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. पुस्तकातली उर्दू ती शुद्ध आणि घरातली दखनी ती गावठी, हा समज मुलांच्या मनात किती खोल रुजतो, ते आम्ही रोज पाहतो. वर्गात हिणवली जाणारी बोली टेपवरूनही पुसली जाणार असेल, तर तिने राहायचे कुठे?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. आधी जसे आहे तसे उतरवा. साफसफाई करायची तर ती दुसऱ्या प्रतीवर. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटची स्टीरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे २ जीबी होते. म्हणजे १ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर ४८० तास मावतात. एक दुरुस्त कॅसेट डेक, हेड पुसायला स्पिरिट, एक संगणक, दोन ठिकाणी ठेवलेल्या दोन प्रती आणि एक वही. वहीत गाणाऱ्याचे नाव, गाव, साल, प्रसंग. तासाच्या कॅसेटला तास लागतोच, पण त्यासाठी शाळांतली मुले आहेत. नातवाने दादीशेजारी बसून शब्द लिहून घ्यावेत, याहून चांगला भाषेचा तास कोणता? घरातल्या बायांचा आवाज बाहेर न्यायचा की नाही, हे त्यांना विचारून ठरवावे. पण तो उतरवून ठेवायला कुणाची हरकत असावी? जुन्या तबकड्यांबाबत तर कायदाही आड येत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो.

“गाणेबजावणे हराम, त्याचे जतन कसले?” असे विचारणारेही भेटतील. त्यांच्याशी संगीतावर वाद घालत नाही. मिलाद, नात, मर्सिया, वाझ, हेही त्याच डब्यात सडत आहे. त्याचे काय? बुजुर्गांचा आवाज ही अमानत आहे आणि अमानतीत खयानत कोणत्याच मसलकात चालत नाही.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण लिहिलेल्या शब्दासाठी झगडलो. आता बोललेल्या शब्दासाठी झगडायला हवे. मशिदीच्या, दर्ग्याच्या ट्रस्टांनी, अंजुमनांनी आणि साहित्य संस्थांनीही यंदाच्या अंदाजपत्रकात लाऊडस्पीकरच्या भाड्याखाली आणखी एक खर्च मांडावा: टेप उतरवणे. रक्कम लहान असली तरी चालेल. पण ती याच वर्षी मांडा, कारण त्या डब्यातल्या टेप आणखी किती पावसाळे काढतील, याचा भरवसा नाही.