कोरं कार्ड नकोच!

जुनी जर्मन चित्र-पोस्टकार्डं जमवतो म्हटलं की काही शौकीन पहिलं विचारतात, "कोरी आहेत ना?" अहो, मला कोरी नकोतच! १९०५ पर्यंत जर्मनीत कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायचा नियम होता. म्हणून 'ग्रुस आउस', म्हणजे 'अमुक गावाहून नमस्कार' असं छापलेल्या रंगीत शिळाछाप कार्डांवर लोक चित्राच्या कडेकडेनं मजकूर कोंबायचे. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिकांची कार्डं बिनतिकिटाची जायची. त्यावरच्या दोन ओळी कुणाच्या शेवटच्याही असतील. त्यांना डाग समजून किंमत पाडायची? छापील चित्र हजारो घरांत गेलं, तो मजकूर एकाच घरी गेला. मित्रांनो, आपल्या कपाटातली जुनी कार्डंही रद्दीत घालण्याआधी एकदा वाचा.