अडीच टक्क्यांचा हिशेब आणि उरलेले साडेसत्त्याण्णव

काही दिवसांपूर्वी चंद्रपुरात आपल्या तरुणांसाठी एक मार्गदर्शन शिबिर झालं. विषय होता मूल्याधिष्ठित उद्योजकता. तीन वक्ते होते. तिघांच्याही बोलण्याचं सार एकच निघालं : आधी भरपूर कमवा, मग समाजाला परत द्या. एकाने कंपन्यांच्या सीएसआरचा दाखला दिला, दुसऱ्याने जकातीचा. टाळ्या झाल्या, बिर्याणी झाली, सगळे घरी गेले. मी मागच्या रांगेत होतो. मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते इथे लिहितो.

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. जकात आपल्यावर फर्ज आहे : निसाबाच्या वर असलेल्या आणि वर्षभर टिकलेल्या मालावर अडीच टक्के. माझं भांडण या दोन्हींशी नाही. दोन टक्क्यांचा फोटो पेपरात छापायचा आणि अठ्ठ्याण्णव टक्के कुठून, कसे आले हे कुणाला विचारू द्यायचं नाही, या सवयीशी माझं भांडण आहे. अडीच टक्के मोजताना मौलवीसाहेबांना तीनदा फोन करणारे आपले लोक उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांबद्दल एकदाही फोन करत नाहीत.

हे मी घरापासून सुरू करतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की मास्तर दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

माझे वडील गडचिरोली जिल्ह्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी होते. मे महिन्यात अख्खी गावं पहाटे जंगलात जायची, उन्हं चढायच्या आत पानं तोडून आणायची, दुपारभर घरात बसून पुडे बांधायची. ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक मानक गोणी. संध्याकाळी बाया डोक्यावर गठ्ठे घेऊन फळीवर यायच्या. मुन्शी शंभर पुडे मोजायचा आणि वर चार-पाच पुडे बाजूला ओढून घ्यायचा. विचारलं तर उत्तर ठरलेलं : वाळताना खराब होतात. ते पुडे वहीत चढत नसत. हंगाम संपला की ठेकेदार वडिलांना बक्षिसी देत असे. त्याच बक्षिसीतून माझी शाळेची फी गेली, पुढे बी.एड.चीही.

तो ठेकेदार वाईट माणूस नव्हता. जकात काढायचा, रमजानमध्ये इफ्तार द्यायचा, मस्जिदीला त्याने पंखे दिले. माझे वडीलही पाच वक्तांचे नमाजी. पण सूरह अल्-मुतफ्फिफीन आम्हा सगळ्यांना पाठ होती, आणि ती सूरह कोणाविषयी आहे? घेताना माप पुरेपूर घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्या माणसांविषयी. आमच्यापैकी एकालाही ती फळीवर आठवली नाही. ती आम्ही मस्जिदीत ठेवून येत होतो.

आता कुणी म्हणेल, दानधर्म केला ना, मग झालं. नाही झालं. आपल्या दीनमध्ये अल्लाहचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क वेगळे. ज्याचे पुडे घेतले त्याला ते परत मिळाल्याशिवाय, किंवा त्याने माफ केल्याशिवाय, मस्जिदीच्या पंख्याने ते फिटत नाहीत. इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा दोष असलेला माल दोष न सांगता विकला आणि गिऱ्हाईक काही सापडेना. इमामांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान करून टाकली. त्यांनी त्यातले अडीच टक्के काढले नाहीत. ती रक्कम आपली आहे असं त्यांनी मानलंच नाही.

मग मूल्यांचा धंदा असतो तरी कसा? त्यासाठी सिलिकॉन व्हॅलीच्या गोष्टी नकोत. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने साधारण ३० किलोमीटर जा, मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव लागतं. या भागातला बांबू अनेक वर्षं सरकारी लीजवर कागद कारखान्याला जात होता. गावाच्या वाट्याला यायची ती तोडणीची मजुरी. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनखातं वाहतुकीचा पास देईना. देवाजी तोफा आणि गावकरी हटले नाहीत, चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल सोबत होते. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ग्रामसभा बांबू विकू लागली.

आपल्या तरुणांनी इथे एक गोष्ट नीट पाहावी. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाला जरी पटलं नाही तरी चर्चा चालू राहते. व्यवहार सगळ्यांसमोर ठरतो, म्हणून पुडे बाजूला ओढायला तिथे जागाच उरत नाही. समाजाला नंतर परत देण्याचा प्रश्न येत नाही, कारण मुळात काही काढून घेतलेलं नसतं.

दुसरं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. तेही बांबू विकतात. पण तेंदूपत्ता विकायचा नाही असं या गावाने ठरवलं. हातात येणारा पैसा सोडला. कारण चांगली पानं यावीत म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आगी लावतात. मग टेंभरं येत नाहीत, माणसांना नाहीत आणि पाखरांनाही नाहीत. काय विकायचं याच्या आधी काय विकायचं नाही हे ठरवणारा उद्योजक मला त्या शिबिराच्या मंचावर दिसला नाही. तो पाचगावात आहे, आणि बहुधा त्याने उद्योजकता हा शब्द ऐकलेलाही नाही.

पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळी माणसं भागीदार आहेत, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. आपण ते जुम्याच्या बयानात ऐकतो. या दोन गावांनी ते करून दाखवलं, आणि ती मुसलमानांची गावं नाहीत. याची मला लाज वाटते आणि आनंदही वाटतो.

माझे व्यापारी मित्र यावर म्हणतात, सर, तुम्हाला पगार आहे, तुम्हाला जोखीम काय कळणार? एक अवकाळी पाऊस आला की पान काळं पडतं, लाखो रुपये मातीत जातात. खरं आहे. जोखीम मोठी आहे आणि ठेकेदार बुडतातही. पण तोटा झाला की ग्रामसभेचे पैसे थकवायचे आणि नफा झाला की एकट्याचा, हा कुठला न्याय? गडचिरोलीत ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांनी थकवल्याच्या बातम्या वारंवार येतात. ठेकेदार सगळ्याच समाजांचे आहेत, पण आपलेही आहेत, म्हणून मी आपल्यांशी बोलतो.

जोखीम वाटून घ्यायची रीत आपल्याच घरात पडून आहे. तिला मुदारबत म्हणतात. भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात दोघांचा, आणि मेहनत करणाऱ्याने हयगय केली नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. प्रेषितांनी नुबुव्वतीच्या आधी हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन शामचा प्रवास केला तो अशाच भागीदारीने. मग आपले चार व्यापारी मिळून एखाद्या ग्रामसभेशी असा करार का करत नाहीत? व्याज नको म्हणून बँकेवर टीका करणाऱ्यांना ही हलाल वाट दिसत कशी नाही?

एवढं मोठं जमत नसेल तर तीन लहान गोष्टी करा. फळीवर मोजणी सगळ्यांसमोर करा आणि वरचा एकही पुडा घेऊ नका. खराब पानांची तूट दरात धरा, ती बाईच्या गठ्ठ्यातून काढू नका. पैसे ठरल्या तारखेला द्या. त्यानंतर जकात काढा, इन्शाअल्लाह तिला बरकत येईल.

मागच्या वर्षी मी वडील ज्या फळीवर बसत त्या गावी गेलो. त्या काळातल्या पुष्कळ बाया आता नाहीत. एक म्हातारी भेटली. मी तिला सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुडे गेले ते गेले, गुरुजी. यंदा मोजाले तुम्ही येऊन बसा."

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. मी जाणार आहे. शिबिरातल्या ज्या तरुणांना मूल्याधिष्ठित उद्योजकता शिकायची असेल त्यांनी सोबत यावं. मोजायला माणसं कमीच पडतात.