फायनान्स शिकायचंय? बीएमएसला सीईटी, मग बीएएफला का नाही?

बारावीनंतर वित्त व्यवस्थापन शिकायचं तर बीएमएस की बीएएफ, हा प्रश्न आधी फक्त आवडीचा होता. 2024 पासून तो सीईटीचाही झाला आहे.

नेमकं काय बदललं?
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. पहिल्याच वर्षी जागांच्या मानाने परीक्षार्थी कमी पडले आणि अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली.

मग बीएएफचं काय?
बीएएफ ही वाणिज्य शाखेची, म्हणजे बी.कॉम.ची पदवी. ती या कक्षेत येत नाही. तिथे प्रवेश साधारणपणे बारावीच्या गुणांवर मिळतो. हे पाहून काही महाविद्यालयांनी बीएमएसही बी.कॉम.च्या नावाने सुरू केलं.

अभ्यासात फरक काय?
बीएमएसमध्ये मार्केटिंग, मनुष्यबळ असं सगळं थोडं थोडं असतं, फायनान्स हा पुढे निवडायचा गट. बीएएफमध्ये हिशेब, कॉस्टिंग, ऑडिट आणि कर यांवर सुरुवातीपासून भर असतो. सीए करणाऱ्यांना तो जवळचा वाटतो.

फटका कुणाला?
सीईटीचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. घरात सांगणारं कुणी नसलेल्या मुलांना हे अनेकदा निकालानंतर कळतं. म्हणून महाविद्यालय निवडताना आधी दोन गोष्टी विचारा: पदवी प्रमाणपत्रावर नाव काय असेल आणि प्रवेश सीईटीने आहे का?