मत एक, काळज्या अनेक



एकाच वाणात सगळे गुण मिळत नाहीत, हे आपण जाणताच. एखाद्या कांद्याचा उतारा चांगला, पण तो चाळीत टिकत नाही. उमेदवाराचेही तसेच असते. मात्र प्रश्न जिवाचा आणि धर्माचा असला, म्हणजे मतदाराची मोठी कोंडी होते.

अमेरिकेतील कॅथलिक मतदारांची २००४ साली अशीच कोंडी झाली. त्यांच्या धर्मात गर्भपात हे गंभीर पाप मानतात. उमेदवार जॉन केरी स्वतः कॅथलिक. पण गर्भपाताचा हक्क कायद्याने राहावा, या मताचे. अध्यक्ष बुश गर्भपाताच्या विरोधात. पण २००३ साली इराकवर युद्ध त्यांनीच नेले आणि त्या युद्धाला पोप दुसरे जॉन पॉल यांचा विरोध होता. तेव्हा पुढे पोप झालेले कार्डिनल रॅट्झिंगर यांनी बिशपांना कळविले की, युद्धाबाबत श्रद्धावंतांत मतभेद असू शकतात, गर्भपाताबाबत नाहीत. मात्र तसेच भारी कारण असेल, तर गर्भपाताविषयीचे उमेदवाराचे मत न स्वीकारताही त्याला मत देता येईल. २०२४ साली पोप फ्रान्सिस म्हणाले की, गर्भपात आणि स्थलांतरितांना हाकलणे ही दोन्ही जीवनाच्या विरोधातच आहेत. त्यातल्या त्यात कमी वाईट कोण, हे ज्याने त्याने सदसद्विवेकबुद्धीने ठरवावे.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा. २०२१ साली काही स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे झाली. त्यावर इथे निवडणूक लढली जात नाही. म्हणून आपल्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या तराजूत वजने वेगळी पडतात.

वसईचेच पाहा. केळी, पानवेली आणि फुलांच्या बागा करणारे अनेक कॅथलिक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जुलै २००९ मध्ये ४ नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. कर वाढेल, हिरवा पट्टा जाईल, म्हणून गावे विरोधात उभी राहिली. त्याच वर्षी विधानसभेला विवेक पंडित अपक्ष उभे राहिले. ते गावांच्या बाजूचे, पण पाठिंबा हिंदुत्ववादी शिवसेनेचा. ख्रिस्ती बागायतदाराला एका पारड्यात गाव आणि दुसऱ्यात तो पाठिंबा ठेवून तोलावे लागले. पंडित निवडून आले. २०११ साली सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय काढला. पण प्रकरण न्यायालयात अडकले. २०१४ साली ती जागा पंडितांच्या हातून गेली.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मोशी, चिखली, चऱ्होली ही गावे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. चाकणच्या आसपास तर बांधाला लागून कारखाने आहेत. जमीन, रस्ता, देवधर्म, जातभाई, मुलाची नोकरी, सगळे एकाच बटणात दाबायचे असते.

तेव्हा मत देण्याआधी घरात बसून तीन गोष्टी करा.

पहिली, आपल्या काळज्या मोजा आणि त्यांत जिवाशी गाठ असलेल्या कोणत्या ते ठरवा. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय ही मोजणी पुरी होत नाही.

दुसरी, त्या खुर्चीच्या हातात काय आहे ते पाहा. गर्भपाताचा कायदा संसद करते, युद्धाचा निर्णय केंद्र सरकार घेते, गाव महापालिकेत घालणे राज्य सरकारच्या हाती असते. सरपंचाला युद्धावरून पाडणे व्यर्थ आणि खासदाराला गटारावरून निवडणेही तितकेच व्यर्थ.

तिसरी, मत दिले म्हणजे उमेदवाराच्या सगळ्या म्हणण्यावर अंगठा उठवला, असे नव्हे. जे पटले नव्हते, ते निवडून आल्यावर त्याला तोंडावर सांगा. ते सांगायचे राहिले, तर पुढच्या खेपेला ती काळजी त्याच्या हिशेबात नसते.

घरात बाप-लेकाचे मत निराळे पडले, तर वाद घाला, पण अबोला धरू नका. दोघांनीही तोलूनच मत दिले असेल, तर त्यात कोणी धर्म सोडलेला नाही.