माळ्यावरची गिटार विकण्याआधी

नेरुळच्या एका काकूंचं पत्र आलंय. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. ते ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत. ती गिटार माळ्यावर पडून आहे. भंगारवाला सातशे म्हणाला, ओळखीतला एक मुलगा सहा हजार द्यायला तयार आहे. काकूंना गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, तेव्हा विकायची हे नक्की. पण धाकटे भाऊजी म्हणतात, ती गिटार मामंजींनी दोघा भावांसाठी घेतली होती, सबब निम्मे पैसे माझे. काकू विचारतात, गिटार किती जुनी, कुठली, हे कळायला काही मार्ग आहे का?

मार्ग आहे. मी स्वतः जाऊन ती गिटार पाहून आले, आणि वाशीतल्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना बरंच पिडलंही. अशा गिटारी पुष्कळ घरांत असणार, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

सगळ्यांत आधी हात आवरा! माळ्यावरून काही खाली आलं की आपण ओलं फडकं नि पितांबरी घेऊन बसतो. तांब्याच्या घंगाळाला ते ठीक. जुन्या गिटारीचा मूळ रंग घासून घालवलात, किंवा हौसेनं नवा रंग काढून घेतलात, तर तिचं मोल निम्म्यावर आलंच समजा. कोरड्या मऊ कपड्यानं धूळ टिपा, बस्स. गंजलेला स्क्रू, तुटकी खुंटी, सुटलेलं बटण, काही फेकू नका. डबीत घालून ठेवा. गिटारीची पेटी, पट्टा, आतल्या कप्प्यातले कागद हेही मोलाचे. खाडीच्या दमट हवेत तारा आणि घोडी गंजतातच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, घेणाऱ्याला ते ठाऊक असतं.

सोबत जुना काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर त्याची पिन भिंतीत खुपसू नका. अमेरिकेतला असेल तर तो ११० व्होल्टचा, आपल्या २३० वर क्षणात जळेल. शिवाय वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मुलांना लांब ठेवा, तो उघडणं जाणत्याचं काम.

आता ओळख. गिटारीच्या डोक्यावर, म्हणजे खुंट्या असतात तिथे, नाव असतं. ते अक्षर अन् अक्षर वाचा. अमेरिकेची गिब्सन वेगळी आणि कोलकात्याची गिवसन वेगळी. तशीच कोलकात्याची हॉबनर आणि जर्मनीची हॉफनर. घाईत वाचलं की घोटाळा होतो आणि मग घरात लाखांची स्वप्नं पडायला लागतात. कोलकात्याच्या गिटारींवर आपल्याकडची कितीतरी मुलं शिकली, त्या वाईट नव्हेत. पण भाव वेगळा. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणायचं म्हणजे जकात आणि परवान्याचं लचांड, त्यामुळे चांगल्या गिटारी यायच्या त्या बहुधा जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या नाहीतर आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून. एकीच्या तीन-तीन हातांत फिरायच्या. 'हरे राम हरे कृष्ण' १९७१ साली आला, त्यात भूपिंदर सिंगांची गिटार ऐकली आणि गल्लोगल्लीच्या पोरांना इलेक्ट्रिक गिटार हवीशी झाली. काकूंचे यजमान त्याच पिढीतले.

नावानंतर नंबर. हा डोक्याच्या मागे असतो, नाहीतर मान जिथे अंगाला जोडलेली असते तिथल्या पत्र्यावर. फेंडर कंपनीच्या गिटारींवर साधारण १९७६ पर्यंत नंबर या मागच्या पत्र्यावर असे. पुढे तो डोक्यावर गेला. त्यात आधी एक इंग्रजी अक्षर: एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं, आणि त्यापुढचा आकडा वर्षाचा. एस ७ म्हणजे १९७७ च्या आसपासची. आसपास अशासाठी, की उरलेली लेबलं पुढच्या वर्षीही लावली जात.

गिब्सनची रीत तर आठवीच्या मुलांना गणित म्हणून घालावी अशी आहे. १९७७ पासून आठ आकडे. पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. समजा नंबर ८२७६३५१२ आहे. पहिला ८, पाचवा ३, म्हणजे १९८३. मधले २७६, म्हणजे २७६ वा दिवस, ३ ऑक्टोबर. शेवटचे तीन ५१२. पाचशेच्या पुढे म्हणजे नॅशव्हिलचा कारखाना. मात्र साठच्या दशकात याच कंपनीनं तेच ते नंबर पुन्हा पुन्हा वापरले, तिथे नुसत्या नंबरावर विसंबू नये. मागे 'मेड इन यूएसए' असा ठसा असेल तर १९७० च्या आधीची सहसा नाही, एवढं कळतं.

जपानच्या आयबानेझचं सोपं आहे. १९७५ पासून आधी महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं एलपर्यंत), मग वर्षाचे दोन आकडे.

नंबरच पुसला असेल तर? आवाजाच्या बटणाखाली एक गोल डबीसारखा भाग असतो, त्याला कारागीर पॉट म्हणतात. अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात: पहिले तीन बनवणाऱ्याचे, मग वर्ष, मग आठवडा. १३७६६२५ असेल तर सीटीएस कंपनीचा, १९६६ च्या पंचविसाव्या आठवड्यातला. गिटार त्याहून जुनी असू शकत नाही, पॉट बदललेला नसेल तर. हे पाहायला स्क्रू काढावे लागतात, तेव्हा स्वयंपाकघरातली सुरी वापरू नका, कारागिराकडून उघडून घ्या आणि समोर उभं राहून फोटो काढा. उघडून ठेवून जा म्हणाला, तर गिटार घेऊन घरी या.

काकूंची गिटार आयबानेझ निघाली. नंबराच्या सुरुवातीला एच ७८. ऑगस्ट १९७८. काकू ऐकून एकदम गप्प झाल्या, कारण मामंजी १९७६ च्या पावसाळ्यात गेले. जी गिटार तेव्हा बनलीच नव्हती ती ते घेणार कुठून?

मग त्यांनी कपाटातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. १९८१ सालची, गिरगावातल्या एका सराफाची. पाटल्या गहाण ठेवल्याची पावती. यजमानांनी ती गिटार एका खलाशाकडून घेतली ती त्या पाटल्यांच्या पैशातून, आणि पाटल्या सुटल्या चार वर्षांनी. वाशीला १९९२ साली लोकल आली, तोवर कार्यक्रम संपवून ते खाडीपुलावरच्या शेवटच्या बसनं यायचे आणि काकू भात गरम ठेवून जाग्या. हे पत्रात त्यांनी लिहिलं नव्हतं.

पण भाऊजी खोटं बोलत होते असं नाही हं. काकूंच्या जुन्या अल्बममध्ये १९७५ च्या गणेशोत्सवातला फोटो सापडला. त्यात दोघं भाऊ आणि एक गिटार. भिंगातून पाहिलं. त्या गिटारीच्या डोक्यावर खुंट्या दोन्हीकडे तीन-तीन, आणि काकूंच्या गिटारीला सहाही एका ओळीत. म्हणजे मामंजींनी घेतलेली गिटार खरीच होती, फक्त ती ही नव्हे. म्हणून सांगते, जुने फोटो टाकू नका. डोक्याचा आकार, खुंट्यांची मांडणी, बटणं किती, हे फोटोत दिसतं आणि पुराव्याला उपयोगी पडतं. काकूंनी भाऊजींना चहाला बोलावून आधी फोटो दाखवला, नंबराचं मागाहून सांगितलं. ते बराच वेळ फोटो पाहत बसले आणि "आमची लाल होती खरी" एवढंच म्हणाले. निम्म्याची गोष्ट परत निघाली नाही. वाटणीच्या बाबतीत पुरावा कुठल्या क्रमानं समोर ठेवायचा, याला फार महत्त्व असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता विक्री. भाव मी इथे सांगत नाही, कारण तो गिटारीच्या अवस्थेवर असतो. आतले भाग मूळचे की बदललेले, मान सरळ की वाकलेली. काकूंच्या गिटारीतला एक पिकअप नंतर बदललेला आहे, ते त्यांनी घेणाऱ्याला आपणहून सांगायचं ठरवलंय आणि ते बरोबरच. पुढचे, मागचे, डोक्याचे, नंबराचे असे आठ-दहा फोटो उजेडात काढा, निदान तीन जाणत्यांकडून किंमत लिहून घ्या. आधी आकडा तुम्ही बोलू नका. बघायला म्हणून गिटार घरी न्यायला देऊ नका. पैसे हातात किंवा खात्यात आल्यावर नंबर लिहिलेली पावती करा, दोघांच्या सह्यांची.

कुणी "शंभर वर्षांची ॲन्टिक आहे, सरकारी परवानगी लागेल" म्हणून घाबरवलं तर घाबरू नका. पुरातन वस्तूंचा कायदा १९७२ चा, त्यात वस्तू शंभर वर्षांची लागते, आणि बाजारात विकायला आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटारच १९३२ ची. मात्र परदेशी गिऱ्हाईक असेल तर एक गोष्ट पाहा. साठच्या दशकातल्या काही अमेरिकन गिटारींच्या पट्टीला ब्राझीलचं शिसवी लाकूड आहे, त्याच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, कागदपत्रांशिवाय ते देशाबाहेर जात नाही. आपल्या शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्या आंतरराष्ट्रीय नियमातून सूट मिळाली.

काकूंनी सहा हजारवाल्या मुलाला थांबायला सांगितलंय. दोन किमती लिहून आल्यात, दोन्ही त्याहून बऱ्याच वर. तिसरी यायची आहे. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची, तेव्हा घाई नाही.

पावसाळ्यात पेटीच्या भात्याला बुरशी येते म्हणून पनवेलच्या ज्या भगिनींनी विचारलंय, त्यांना पुढच्या अंकात सविस्तर लिहिते. तोवर भाता उन्हात वाळवू नका, कातडं तडकेल.