हलवा कोणाच्या हातावर?

संक्रांत जवळ आली की यवतमाळच्या बाजारात हलव्याच्या दागिन्यांच्या काचपेट्या दिसू लागतात. काळ्या कापडावर पांढरा शुभ्र हार, तन्मणी, बाजूबंद, बिंदी. जावईबापूंसाठी हलव्याचे घड्याळ आणि हलव्याने मढवलेला नारळ. बोरन्हाणाच्या बाळासाठी इवलासा मुकुट. दरवर्षी आम्ही त्या पेट्यांपुढे घटकाभर उभे राहतो, आणि दरवर्षी दोन गोष्टी मनात येतात. हा पदार्थ मराठी माणसाला जितका आपला वाटतो, तितके त्याचे नाव काही आपले नाही, ही पहिली. आणि हा हलवा ज्या हातांनी तयार होतो, त्या साऱ्या हातांवर तो ठेवला जात नाही, ही दुसरी. पहिलीचे आम्हांला कौतुक वाटते. दुसरीबद्दल लिहायचे बरीच वर्षे टाळत आलो.

आधी नावाकडे वळू. हलवा हा शब्द मूळचा अरबी. गोडीचा अर्थ असलेल्या धातूपासून तो निघाला आणि कोणत्याही गोड पदार्थाला लावता येई इतका तो ऐसपैस होता. बगदादमध्ये १२२६ साली मुहम्मद इब्न हसन अल-बगदादी याने पाककृतींचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात मिठायांना स्वतंत्र स्थान आहे. पुढे हा शब्द फारसीत गेला, तुर्कीत त्याचे 'हेल्वा' झाले, आणि फारसी ही दरबाराची भाषा असलेल्या प्रत्येक मुलखात तो पोचला. आमचा वऱ्हाड बहमनींकडे होता, मग अचलपूरच्या इमादशाहीकडे, नंतर निजामशाहीकडे आणि मोगलांकडे. इतक्या दरबारांच्या मुदपाकखान्यांचा धूर इकडे आल्यावर एखादा शब्द चुलीपर्यंत येणारच. चाकू, कैची, तोफ हे तुर्की मुळाचे शब्द जसे आपण निमूट वापरतो, तसाच हाही. (कोकणातल्या वाचकांना 'हलवा' म्हणताच मासा आठवतो, याची आम्हांला कल्पना आहे. आम्ही समुद्रापासून फार लांब राहतो, तेव्हा त्या हलव्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही.)

माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले, हा आपल्या वाङ्मयेतिहासातला एक गमतीचा भाग. कोशातून शब्द वेचून बाजूला काढता येतात. परातीतून काढणे अवघड असते. सत्यनारायणाचा प्रसादच घ्या. रवा तुपावर खमंग भाजायचा, साखर आणि दूध किंवा पाणी घालायचे, वाफ आणायची. याच कृतीला इस्तंबूलमध्ये 'इर्मिक हेल्वासी' म्हणतात. इर्मिक म्हणजे रवा. तिकडे काजू-बेदाण्यांऐवजी चिलगोज्यांच्या जातीची बी घालतात, आणि केळे व तुळशीपत्र नसते, एवढाच काय तो फरक. सव्वा मापाचे पावित्र्य आपले. भांड्यातला पदार्थ दोघांचा.

तुर्कस्तानात हलव्याचे किती प्रकार! कणीक लोण्यात भाजून केलेला 'उन हेल्वासी'. तिळाचा लगदा आणि साखरेचा पाक एकत्र घोटून केलेला 'ताहिन हेल्वासी'. तो पांढरा व हलका व्हावा म्हणून त्यात साबणासारखा फेस येणाऱ्या एका मुळीचा काढा घालतात. इझमितची 'पिश्मानिये' म्हणजे भाजलेल्या पिठात साखरेचा पाक ओढून ओढून काढलेले तंतू. आपली सोनपापडी ज्याने खाल्ली आहे त्याला ती परकी वाटणार नाही. लोकुम हा हलवा नव्हे, पण त्याचा चुलतभाऊ शोभेल. साखर आणि पिष्ट आटवून केलेली ती मऊ वडी. तिचे जुने नाव 'राहत-उल-हुल्कूम', म्हणजे घशाचा आराम. मुंबईचा कराची हलवा चावताना जी लवचिक ओढ लागते ती याच पिष्टाची. माहीमचा हलवा त्याहून निराळा, कागदासारखा पातळ, दोन कागदांच्या मध्ये निजलेला. गाजराचा व दुधीचा हलवा तर आता घरोघरचा झाला. आणि पुण्याच्या सर्वांत प्रसिद्ध गणपतीच्या नावाला एका हलवायाचे नाव जडले आहे, हे विसरून कसे चालेल?

पण संक्रांतीचा हलवा या सगळ्यांपासून वेगळा. तो भाजीत नाहीत, घोटीत नाहीत, आटवीत नाहीत. तीळ, खसखस, साबुदाणा किंवा बडीशेप यांच्या एकेका दाण्यावर साखरेचे कवच चढवतात. इराणात बदामाच्या कापांवर अशीच साखर चढवून 'नुक्ल' करतात, तुर्कस्तानात अख्ख्या बदामांवर, आणि मध्ययुगीन युरोपात धण्यांवर व बडीशेपेवर करीत. म्हणजे नाव एका पदार्थाचे आणि कृती दुसऱ्याची. मराठीने हे दोन्ही उचलले आणि वर आपल्या हिशेबाने सणाला जोडून टाकले. भाषेचे व्यवहार असेच चालतात. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा तीळ हाती घेऊन पाहावेत.

आम्ही हा हलवा होताना लहानपणी पाहिला आहे. आमच्या आत्या तो करीत. लहान वयात वैधव्य आले आणि त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्या. पौषातल्या रात्री, गारठा पडला की त्यांची शेगडी पेटे. थंडीखेरीज हलव्याला काटा येत नाही, असे त्या म्हणत. निखाऱ्यांवर राख टाकून आच अगदी मंद करायची, वर पितळी परात, परातीत मूठभर तीळ. शेजारी साखरेचा पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे अलगद फिरवीत राहायचे. तो सुकला की पुन्हा चमचाभर. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते. तासन् तास हे चाले. एका रात्रीत संपत नसे, दुसऱ्या रात्री पुन्हा परात. हळूहळू प्रत्येक दाण्यावर बारीक टोके उभी राहत. त्यांच्या बोटांची टोके तोवर लालबुंद झालेली असत.

मग संक्रांतीनंतर हळदीकुंकू. बैठकीत सतरंजी, गुलाबदाणी, अत्तरदाणी, वाणाच्या वस्तू. गल्लीतल्या बायका येत, आई त्यांच्या हातावर तिळगूळ व हलवा ठेवी, ओटी भरी. आत्या त्या वेळी माजघरात असत. कोणी त्यांना तिथे बसायला सांगितले, असे आमच्या ऐकण्यात कधी आले नाही. तशी गरजच नव्हती. रथसप्तमीपर्यंत गावातल्या कितीतरी घरांत त्यांचा हलवा वाटला जाई, आणि त्यांपैकी एकाही घरचे बोलावणे त्यांना येत नसे. घरच्या माणसांनी आपल्या पद्धतीने प्रेम केले, हे खरे. पण त्या पद्धतीत हे बसत होते, हेही तितकेच खरे.

हे सारे पुढे तुर्कांच्या हलव्याविषयी वाचताना एकाएकी वर आले. तोपकापी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात 'हेल्वाहाने' नावाचा स्वतंत्र विभाग होता. तिथे मिठायांबरोबर सरबते आणि औषधी पाकही होत. हे ऐश्वर्य ठीक आहे. आम्ही थांबलो ते दुसऱ्या दोन चालींपाशी. एक चाल हिवाळ्यातल्या बैठकींची. ऑटोमन काळात थंडीच्या लांब रात्री मंडळी एकत्र जमत, कविता, गाणे, गप्पा होत आणि शेवटी हलवा येई. या बैठकीला 'हेल्वा सोहबेती' म्हणत. हा दुसरा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटायला हवा. अरबी-फारसी 'सोहबत' म्हणजेच आपली 'सोबत'. हलव्याची सोबत! आमच्या हळदीकुंकवाला याहून चांगले नाव सुचणार नाही, आणि याहून खोटेही नाही.

दुसरी चाल मृत्यूची. घरात कोणी गेले की तिकडे रव्याचा वा कणकेचा हलवा करतात. घरची व शेजारची माणसे आळीपाळीने कलथा फिरवतात, गेलेल्याचे नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि तो हलवा दारोदार वाटतात. भाजल्या पिठाचा वास गेलेल्याच्या आत्म्यापर्यंत पोचतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे जे घर दुःखात आहे त्याच घरातून गोड बाहेर जाते, आणि शेजारी ते घेतात. तुर्की समाजात विधवांचे सारे सुखाचे चालते, असा याचा अर्थ नव्हे. तसे म्हणायला आम्ही तिकडे राहिलेलो नाही. पण हलवा तिथे नवरा जिवंत आहे की नाही हे विचारीत नाही, एवढे दिसते. आपल्याकडेही तेराव्याला गोड होतेच. त्या दिवशी गोड खाऊन सारे जण आपापल्या व्यवहाराला लागतात. ज्या एका बाईचा व्यवहार त्या दिवसापासून पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, तिच्याकडे पाहण्याची मात्र रीत नाही.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. कापसाच्या या मुलखाचे नाव गेली अडीच दशके शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येते आहे, आणि अशा प्रत्येक बातमीमागे बहुधा एक तरुण स्त्री उरते. ती कर्जाचे कागद सांभाळते, सोयाबीन पेरते, मुलांच्या फिया भरते, आणि जानेवारीत शेजारच्या अंगणातले हळदीकुंकू दुरून पाहते. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेल्याने त्यावर मोठा वाद उसळला होता, आणि अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. पतीने आत्महत्या केल्यावर शेती व संसार सांभाळणाऱ्या, 'तेरवं' या नाटकातून रंगमंचावर आलेल्या या बाईंनी साहित्याच्या त्या मांडवात दिवा लावला. निमंत्रणाच्या त्या प्रकाराने आम्हांला आजही लाज वाटते. पण त्या दिव्याचा अभिमानही वाटतो. तीन दिवसांनी मांडव उतरला. संक्रांत लगेच होती. संमेलनात उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या आमच्यापैकी कितीजणांच्या घरच्या वाणाच्या यादीत त्या वर्षी एखादी विधवा होती? आमच्या घरच्या यादीत नव्हती. म्हणून हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्याआधी आम्ही स्वतःला विचारला आहे.

आपल्या साहित्याला हे दुःख नवे नाही. १८५७ च्या 'यमुनापर्यटना'पासून मराठी कादंबरी जन्मली तीच विधवांची स्थिती सांगत. आमच्याच वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. वर्गात आपण या पुस्तकांवर टिपणे देतो, प्रश्न काढतो, दहा गुण ठेवतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तेच करण्याविषयी परिपत्रक काढले. ठराव चांगला आहे; फक्त हळदीकुंकवाचे आमंत्रण परिपत्रकाने जात नाही, ते शेजारीण देते.

अलीकडे काही ठिकाणी 'विधवांसाठी खास हळदीकुंकू' भरवतात. हेतूविषयी शंका नाही, आणि आलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरचा आनंदही खोटा नाही. तरी आमचे मत विचाराल तर, वेगळी सतरंजी अंथरल्याने माजघर फक्त मोठे होते. बैठक एकच हवी. कुंकू ज्यांना नको असेल त्यांनी लावू नये. हलवा सर्वांच्या हातावर पडावा. परंपरा बुडेल, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी या परंपरेच्या नावातले अरबी आणि कृतीतले इराणी आठवावे. ती इतके मुलूख ओलांडून आली, तिला माजघराचा उंबरठा जड जाऊ नये.

आमच्या आत्या एका पौषात गेल्या. तेराव्याला घरात शिरा झाला. तुर्कांची ती चाल तोवर वाचनात आली होती, म्हणून आम्ही हट्टाने चार डबे भरून शेजारच्या चार घरी स्वतः नेऊन दिले. तीन घरांनी घेतले. चौथ्या घरच्या वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका, पण संक्रांत तोंडावर आहे." त्यांच्यामागे, आत, टेबलावर नव्या सुनेसाठी आणलेले हलव्याचे दागिने उघडून ठेवले होते. डबा घेऊन आम्ही परत आलो.