बुद्ध्यांक कोणाचा, निर्णय कोणाचा?

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील काही मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिले गेले. स्त्री संघटनांनी कडाडून विरोध केला. पण 'त्यांना काय कळतंय?' हा प्रश्न तेव्हाही सुशिक्षितांनीच विचारला आणि आजही विचारला जातो. या प्रश्नामागे बुद्ध्यांकाचा आकडा उभा असतो. म्हणून तो काय मोजतो, हे आपण समजून घ्यायला हवे.

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना जादा मदत मिळावी, म्हणून बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी बेतली. शब्दांचे अर्थ, आकडे लक्षात ठेवणे, तर्क लावणे, असे तिचे स्वरूप. यात शाळा आणि भाषा दोन्ही मोजल्या जातात. घरी कोकणा बोली बोलणारी, शाळा सुटलेली सुरगाण्याची मुलगी प्रमाण मराठीतल्या प्रश्नांपुढे गप्प बसली, तर तो तिच्या बुद्धीचा दोष कसा?

चाचणी निरुपयोगी आहे असे नाही. अपंगत्वाचा दाखला, सवलती, विशेष शिक्षण यासाठी ती लागते. परंतु 'पंचवीस वर्षांची, पण बुद्धी सात वर्षांची' असे म्हटले की त्या बाईची अठरा वर्षे पुसली जातात. तिला वेदना कळते, नको असलेला स्पर्श कळतो. हे कोणत्या चाचणीत मोजले?

२००९ मध्ये चंदीगडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य मतिमंदत्व असलेल्या स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही असे सांगितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, वंध्यत्व आणणाऱ्या कोणत्याही उपचारासाठी त्या व्यक्तीची स्वतःची, समजून दिलेली संमती आवश्यक केली.

कायदा झाला, पण संस्थेच्या भिंतीआड तो आपोआप पोचत नाही. आपल्या गटांनी तिथे जाऊन विचारावे: चाचणी कोणत्या भाषेत झाली? रोजचे व्यवहार तिला किती जमतात, हे कोणी पाहिले का? पाळीसाठी पाणी, कपडे आणि मदतीला बाई आहे का? ही सोय करणे खर्चाचे, म्हणून मुलीचे शरीरच कापायचे, हा हिशेब आपण मान्य करता कामा नये. आकडा मदत मागण्यासाठी असावा, हक्क काढून घेण्यासाठी नव्हे.